कडी काढलेला १९३९चा रुपया

निपाणीचे गुरुजी दुकानात शिरले तेव्हा माझ्यासमोर ॲसिटोनच्या दोन वाट्या होत्या. एकीत सातव्या एडवर्डचा रुपया भिजत होता. कुणीतरी तो वर्षानुवर्षं स्वस्त प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवलेला. त्या प्लास्टिकमधून तेलकट द्रव्य झिरपतं आणि चांदीवर हिरवा चिकट थर धरतो. असं नाणं पहिल्या वाटीत भिजवायचं, दुसऱ्या वाटीत खळबळून काढायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. बोट नाही, कापूस नाही, ब्रश तर नाहीच. ॲसिटोन चांदीला शिवत नाही, फक्त घाण उचलतं. शहापूरच्या खडेबाजारात सराफाच्या पोरानं असला उद्योग करावा याचं शेजाऱ्यांना अजून नवल वाटतं. त्यांच्याकडे जुना रुपया आला की रिठ्याचं पाणी आणि पितळी ब्रश. दोन मिनिटांत आरशासारखा लखलखीत. गिऱ्हाईक खूश, आणि नाणं कायमचं मेलेलं.

गुरुजींनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून नाणी तपासणाऱ्या कंपनीची प्लास्टिकची बंद डबी.

"एकोणचाळीसचा आहे. चार वर्षांमागं घेतलो होतो. आता नातीची फी भरायची आहे. तुम्हीच ठेवून घ्या."

एकोणचाळीस म्हटल्यावर मी वाट्या बाजूला सरकवल्या. सहाव्या जॉर्जचा १९३८चा रुपया सहज मिळतो. १९३९चा मी धंद्यात आल्यापासून मोजून तीनदा हातात घेतला आहे. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, काठही बदलला. त्यामुळे जुन्या भरीव चांदीच्या रुपयांतला हा शेवटचा, आणि दुर्मीळ. म्हणूनच ३८च्या आठाचा नऊ करणारे कारागीर पैदा झाले. असा आकडा भिंगाखाली धरला की नऊच्या पोटात कोरल्याच्या खुणा दिसतात, पण नुसत्या डोळ्यांना भले भले फसतात.

डबीतला आकडा मात्र चोख होता. अंकाच्या कडा टाकसाळीतून निघाव्यात तशा गोलसर. लेबलावर 'एक्सएफ', म्हणजे झीज अगदी कमी. त्या अक्षरांच्या पुढे आणि खालच्या ओळीवर विक्रेत्यानं आपल्या किमतीचा पांढरा स्टिकर चिकटवलेला.

मी डबी दिव्याखाली हळूहळू फिरवली. चांगल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. ठसा बसताना धातू बाहेरच्या बाजूला वाहतो, त्या वाहण्याच्या बारीक रेषांमुळे ही चमक येते. इथं उजेड एकाच जागी बसून राहिला. मग मी काठ बघितला. राजाच्या मुकुटाच्या बरोबर वर, जिथं बाराचा काटा येतो तिथं, कडेच्या आडव्या रेघा चेपून सपाट झालेल्या. त्या जागी चांदीचा रंगही वेगळा, किंचित पिवळट.

ही खूण मला कुणी शिकवायला नको. बाबांच्या हाताखाली मी अशा कड्या झाळल्या आहेत आणि कानशीनं घासून काढल्याही आहेत. आपल्या भागात बायका रुपयांच्या माळा घालायच्या. रुपयाला कडी लावायची तर बाराच्या काट्यावरच, म्हणजे राजाचं डोकं सरळ राहतं. पुढं घर मोडलं, वाटण्या झाल्या की माळ सराफाकडे. सराफ कड्या काढून रुपये पॉलिश करून विकणार. यात कुणाचं पाप नव्हतं. चांदी ही चांदीच होती तेव्हा.

मी गुरुजींना विचारलं, "हा स्टिकर काढू का?"

"काढा की. मी कधी बघितलो नाही त्याच्याखाली."

केरोसिनचा एक थेंब, आणि स्टिकर सुटला. खाली छापलेलं होतं: डिटेल्स, माउंट रिमूव्हड. म्हणजे कडी काढलेला.

गुरुजी इंग्रजीच शिकवायचे. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

मी समजावून सांगितलं. अमेरिकेत १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या. नाणं खरं आहे का हे तपासून ते सत्तरपैकी अंक देतात आणि डबीत बंद करतात. नाणं खरं पण घासलेलं, छिद्र बुजवलेलं, कडी काढलेलं असेल तर अंक मिळत नाही. झीज किती ते सांगतात आणि पुढे 'डिटेल्स' लिहून दोष नोंदवतात. म्हणजे डबी खोटं बोललेली नव्हती. खोटं बोलला तो स्टिकर, आणि बिनदोष नाण्याची किंमत सांगून तो चिकटवणारा माणूस. डबीवर नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकला असता तर हे चार वर्षांपूर्वीच कळलं असतं. पण आपल्याकडं डबी बघितली की लोक नाणं बघायचं सोडतात. हे मला फार लागतं.

"म्हणजे हे फेकायचंच म्हणा?"

"अजिबात नाही, गुरुजी."

इथंच माझं मत गिऱ्हाइकांना पटवता येत नाही. पाचव्या जॉर्जचा १९१८चा रुपया 'क्लीन्ड' लिहिलेल्या डबीत कुणी आणला तर मी हात लावणार नाही. तो कोट्यवधींनी पाडला. न घासलेला, छान काळसर झाक आलेला तुकडा थोडं थांबलं की मिळतो. दोषाला पैसे का द्यावेत? पण १९३९चा प्रश्न वेगळा आहे. तिथं पहिली भीती नकलीची, आणि ती भीती डबी घालवते. बिनदोष तुकडा माझ्यासारख्याच्या आवाक्यात कधी येणार नाही. अशा वेळी कडीची खूण उघड सांगणारं नाणं, उतरलेल्या भावात, मी आनंदानं घेईन. उलट रसायनात बुडवून पांढरंफेक केलेलं नाणं साध्या अंकासह डबीत बसलेलं मी पाहिलं आहे. काळा थर म्हणजे नाण्याचीच चांदी गंधकाशी मिळून झालेली. तो काढला की वरची चांदी गेलीच. एकदा बेतानं बुडवलं तर खपून जातं आणि लेबलावर त्याची नोंद नसते. तीनदा बुडवलं की उजेड फिरायचा थांबतो. असल्या गोऱ्या नाण्यापेक्षा मला गुरुजींचा रुपया प्रामाणिक वाटतो.

हे बोलणं चालू असताना खानापूरच्या एक मावशी येऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडं १८६२चा व्हिक्टोरिया रुपया, कडीसकट, सासूच्या माळेतला. मोबाइलवर कुणीतरी सांगितलेलं, असा रुपया अमेरिकेला धाडला की लाखो मिळतात. असले व्हिडिओ बनवणाऱ्यांनी गोरगरिबांचा किती वेळ आणि किती आशा खाल्ली असेल, त्याचा राग येतो. त्यांना सांगितलं की शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर धाडता येत नाही. त्या म्हणाल्या, "मग कडी तरी काढून द्या, जरा चकचकीत करा."

"नको मावशी. कडी राहू दे. सासूबाईंची आहे."

गुरुजी हे ऐकत होते. त्यांनी डबी पुन्हा माझ्याकडं सरकवली. "तुमी काय भाव देता?"

आणि मी गप्प झालो. त्यांनी दिले होते त्याच्या निम्म्यात तो रुपया मला हवा होता, स्वतःच्या संग्रहासाठी. पण आत्ताच मी त्याचा दोष उघडा केला होता. दोष दाखवणारा मी, आणि त्या दोषावर भाव पाडून घेणाराही मीच? बाबा असते तर म्हणाले असते, धंदा आहे, बोल. मी बोललो नाही. मुंबईतल्या लिलावात द्या म्हटलं. काठाचे फोटो काढून दिले, वर्णनात 'कडी काढलेला' हे शब्द पहिल्याच ओळीत घालायला सांगितले.

त्यांच्या नातीची फी मात्र लिलावापर्यंत थांबणार नव्हती. ती त्यांनी भावाकडून उसनी घेतली, हे मला नंतर कळलं, आणि तेव्हापासून वाटतंय की त्या दिवशी सरळ भाव सांगून पैसे हातावर ठेवले असते तर त्यांचं जास्त भलं झालं असतं.

काल त्यांचा फोन आला. लिलावाची यादी आली आहे. "फोटोत लेबलावरची ती ओळ कशी स्वच्छ दिसायलीय बघा," म्हणाले. मी यादी उघडून बघितली. सुरुवातीची किंमत मला परवडेल एवढी आहे. बोली लावावी की नाही, ते अजून ठरत नाही.