आईच्या पायातली गुठळी आणि सगळ्या डॉक्टरांचा एकच कागद

आईच्या जठराच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू असताना तिचा डावा पाय सुजला. केमोत अंगावर सूज येतेच, असे सगळे सांगत होते. पण ही सूज एकाच पायाला होती आणि पोटरी दाबली की आई कळवळत होती. केमो वॉर्डमधल्या सिस्टरनी दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजला, फरक पाहून लगेच डॉप्लर (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायला पाठवले, आणि मांडीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी सापडली.

कर्करोगामुळेच रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि जठर व स्वादुपिंडाच्या कर्करोगांत ती विशेष असते, हे मला तेव्हा समजले. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते, म्हणून रक्त पातळ करणारे औषध हवेच. पण जठरातल्या गाठीतून रक्तस्राव होण्याची भीती असल्यामुळे तेच औषध धोक्याचेही ठरू शकत होते. हा तिढा एका डॉक्टरने सोडवण्यासारखा नव्हता. ऑन्कॉलॉजिस्ट (कर्करोगतज्ज्ञ), रक्तविकारतज्ज्ञ आणि रुग्णालयातले फार्मासिस्ट एकत्र बसले, आम्हालाही बसवून घेतले, आणि गाठ अजून काढलेली नसल्याने गोळ्यांऐवजी एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची इंजेक्शने द्यायची असे ठरले.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो त्यानंतर फाईलला लावलेला एक कागद. डोस वजनावर ठरतो आणि आईचे वजन घटत होते, म्हणून प्रत्येक केमोआधी वजन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासायचे. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) पन्नास हजारांच्या खाली गेल्या तर डोस निम्मा आणि पंचवीस हजारांच्या खाली गेल्या तर इंजेक्शन थांबवून फोन करायचा, असे सगळे त्यावर लिहिलेले होते. फोन कोणाला करायचा, हेही. एकदा प्लेटलेट खरोखरच घसरल्या, तेव्हा कोणाला विचारावे याची धावपळ झाली नाही. समन्वयक सिस्टरनी रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून त्याच संध्याकाळी नवा डोस कळवला.

इंजेक्शन द्यायला त्यांनीच मला शिकवले: बेंबीपासून दोन इंच दूर, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही आणि नंतर ती जागा चोळायची नाही. पहिल्यांदा माझा हात थरथरला, तेव्हा आईच म्हणाली, “अगं, चिमटी सोडू नकोस, बाकी मी बघते.”

पुढे गुडघेदुखीसाठी जवळच्या दवाखान्यातून डायक्लोफिनॅक लिहून मिळाले, ते फार्मासिस्टनी थांबवले. या वेदनाशामकाने रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरातले प्रत्येक औषध, आयुर्वेदिक काढ्यांसकट, त्यांना दाखवायचे हा नियम आम्ही तेव्हापासून मोडलेला नाही.

सूज आता बरीच उतरली आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर औषध चालू ठेवायचे का, हे तिघेही पुन्हा एकत्र बसून ठरवणार आहेत, आणि त्याआधी डॉप्लर व सीटी स्कॅन करून आणायला सांगितले आहे.