गोदीतली माणसं

आज १४ एप्रिल. मामांबरोबर मुंबईत गोदीलगतच्या पी. डिमेलो रोडने चालत होते. १९४४ साली याच दिवशी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. आत कापसाच्या गाठी, दारूगोळा, सोन्याच्या विटा, सगळं एकत्र! आग विझवताना गेलेल्या जवानांना दरवर्षी मानवंदना मिळते, मिळायलाच हवी. पण त्या पाळीवरचे हमाल? त्यांची नावं कोण घेतं?

आजोबा मामांना सांगायचे, गोदी कामगारांच्या रोजगाराचा १९४८ चा कायदा यायच्या आधी टोळीवाला, म्हणजे हमालांचा मुकादम, बोट दाखवेल त्यालाच काम, बाकीचे रिकाम्या हाताने घरी. पुढे कंटेनर आले आणि पाठीवरचं ओझं गेलं, त्याबरोबर रोजगारही.

तुमच्या घरात कुणी गोदीत होतं का? नावासकट लिहा.