चॅटबॉटला आधी सलाइनचा सेट सांगा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नर्सिंगच्या मुली ड्रिप रेटची गणितं आता चॅटबॉटकडून सोडवून घेतात. खुशाल घ्यावीत, पण आधी वहीत स्वतः करून. कारण प्रश्न अर्धवट विचारला की उत्तर चुकतं, आणि ते इतक्या ठामपणे येतं की शंकाही येत नाही.

‘५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं, मिनिटाला किती थेंब?’ एवढंच विचारलं, तर तो १५ थेंबांचा सेट, म्हणजे १५ थेंबांत १ मिली सोडणारी नळी, धरून ३१ सांगू शकतो. आपल्या वॉर्डात साधा सेट बहुधा २० थेंबांचा. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे ४२ थेंब. त्याच सेटवर ३१ लावले तर बाटली संपायला सव्वापाच तासांच्या वर जातात. तेव्हा पाकिटावरचा आकडा वाचा आणि प्रश्नात घाला. मायक्रो सेट असेल तर ६०.

इन्सुलिनची चूक मात्र जिवावर बेतते. सरकारी दवाखान्यात व्हायल बहुतेक ४० ची, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. तिच्यातले १० युनिट म्हणजे ०.२५ मिली. चॅटबॉटने १०० ची धरून ०.१ मिली सांगितलं, तर रोग्याला मिळतात फक्त ४ युनिट. उलट १०० ची इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरली, तर २५ युनिट जातात आणि साखर धाडकन उतरते. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, केशरी १०० ची. तरी लेबल वाचल्याशिवाय सुई टोचायची नाही.

मुलींना रोग्याची विचारपूस शिकवताना चॅटबॉटचा खरा उपयोग आहे तो रोगी म्हणून. त्याला असं लिहून द्या: ‘तू चोपड्याकडचा पन्नाशीचा शेतकरी. सकाळी कपाशीवर फवारणी केली, आता लाळ गळतेय, घाम येतोय, अंधुक दिसतंय. विचारलं तेवढंच सांग, एका वेळी एकच उत्तर, रोगाचं नाव घेऊ नकोस.’ शेवटची अट विसरलात तर पहिल्याच उत्तरात तो ‘मला विषबाधा झाली’ म्हणून मोकळा होतो. मग मुलींनी औषधाचं नाव, फवारणीची वेळ, तेच कपडे अजून अंगावर आहेत का, हे विचारायचं राहूनच जातं. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात का, नाडी किती, हे तपासणं मात्र वॉर्डातच शिकवा.

खऱ्या रोग्याचं नाव किंवा केसपेपरचा फोटो त्यात कधीच टाकू देऊ नका.