सारंगखेड्याचं शिंगरू आणि दसऱ्यापर्यंतची वाट

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो आणि तिथून बरीच कोवळी जनावरं टेम्पोत चढून राज्यभर जातात. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "तीन वर्षांचं आहे, बसायला तयार." घरी आणून ओठ वर करून पाहावं, तर पुढचे सगळे दात दुधाचेच. हे लिहिलंय ते अशाच जनावरासाठी: दोन-अडीच वर्षांचं, अंगानं भरलेलं दिसणारं, आतून अजून कच्चं. डिसेंबरात आणलेल्या अशा शिंगरावर पहिल्यांदा बसायचा मुहूर्त आमच्या मते पुढच्या दसऱ्याचा. महिन्याभरात 'तयार' करून देतो म्हणणाऱ्या चाबूकस्वारांना हे पटणार नाही, पण त्यांनी तयार केलेल्या घोड्यावर नंतरची दहा वर्षं तुम्हाला बसायचंय.

वय तोंडी सांगण्यावर धरू नका, दात बघा. दुधाचे दात लहान, पांढरे आणि हिरडीपाशी अरुंद असतात. कायमचे मोठे, पिवळसर, उभ्या रेघांचे. पुढची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. हाडांची गोष्टही अशीच, फक्त ती बाहेरून दिसत नाही. हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि ती साधारण खालून वर पक्की होत जाते. नळीचं (गुडघ्याखालच्या लांब हाडाचं) खालचं टोक वर्षाच्या आत, पुढच्या गुडघ्याच्या वरचं दोन ते अडीच वर्षांत, आणि पाठीचे मणके सर्वांत शेवटी, पाचव्या वर्षाच्या आसपास. खोगीर नेमकं या मणक्यांवरच बसतं.

आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे शिकवणं नाहीच. इतर घोड्यांपासून वेगळं ठेवा, डॉक्टरांकडून धनुर्वाताची लस आणि जंताचं औषध करून घ्या. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो, तबेल्यातला एक गंजका खिळा पुरतो. वैरण एकदम बदलू नका. नवा कडबा किंवा गवत सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवा, नाहीतर पोटशूळ उठतो. चंदीचा, म्हणजे दाण्याचा, हात मात्र आखडता ठेवा. दिवसभर आगाडी-पिछाडीत (पुढच्या-मागच्या दोरांत) जखडून ठेवायचं, तोबऱ्यात हरभरा भरायचा आणि संध्याकाळी सोडल्यावर उधळलं की 'स्वभावच वाईट' म्हणायचं, हे सर्रास चालतं. त्यात स्वभावाचा काही दोष नाही, ती साठलेली ताकद आहे. रोज निदान दोन-तीन तास कुंपणाच्या आत मोकळं सोडलेलं शिंगरू शिकायला निम्मं सोपं जातं.

पहिला धडा बांधण्याचा. दावं जमिनीपासून वर, घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर बांधा, हातभर लांबीचं. खाली किंवा लांब बांधलं की पाय अडकतो. गाठ सुरगाठ हवी, एका ओढीत सुटणारी. निरगाठ पडली आणि जनावर घाबरून मागं ओढू लागलं, तर ते मान मोडून घेईल किंवा खुंटा उपटून तुमच्या अंगावर आणेल. आम्ही भिंतीतल्या कडीला आधी साध्या सुतळीचा फास बांधतो आणि दावं त्या फासाला. जोराचा हिसका बसला की सुतळी तुटते, मान वाचते. दावं किंवा कासरा हाताला गुंडाळायचा नाही. जास्तीचा दोर मुठीत आडवा घड्या घालून धरा. बोटं आणि मनगटं जातात ती गुंडाळलेल्या दोरानंच.

घोड्याच्या मागं आणि साहेबाच्या पुढं राहू नये म्हणतात. साहेबाचं माहीत नाही, पण घोड्याच्या मागं कधी ना कधी जावंच लागतं. त्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं. कपाळाच्या थेट समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा तुकडा दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूनं तिरकं, बोलत जा आणि पहिला हात खांद्यावर ठेवा, कपाळावर नको. मागून जायचं तर पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी अंगाला लागून जा, नाहीतर दहा-बारा फूट लांबून. मधलं चार-पाच फुटांचं अंतर सर्वांत वाईट, लाथेला पूर्ण जोर तिथंच मिळतो.

आता सगळ्या शिक्षणाचं मूळ. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटण्यानं शिकतो. बरगडीवर बोटानं दाबलं आणि त्यानं एक पाऊल बाजूला टाकलं, तर बोट त्याच क्षणी उचललं पाहिजे. दोन सेकंद उशीर झाला, तर त्याला काय बरोबर केलं ते कळत नाही. उलट, तो मान झटकत असताना तुम्ही दाब सोडलात, तर मान झटकणं हा धडा पक्का झाला. प्लास्टिकचं पोतं, रेनकोट, छत्री दाखवतानाही हाच हिशेब. पोतं लांबून हलवा, तो थांबून बघू लागला की हलवणं बंद करा. तो गर्रकन वळल्यावर पोतं मागं घेतलंत, तर 'वळलं की संकट टळतं' हे तो शिकला, आणि उद्या एसटी समोर आल्यावर तुम्हाला पाठीवर घेऊन तेच करणार. ट्रॅक्टर, फटाके, ढोल-ताशा यांची ओळखही अशीच, शंभर पावलांवरून सुरू करून, सोबत एक शांत म्हातारी घोडी उभी करून.

पाय उचलायची सवय नालबंद यायच्या आधी लागलेली हवी. खांद्यापासून हात खाली सरकवत घोट्याच्या वर हलकं चिमटा, पाय उचलला की दोन सेकंद धरून तुम्हीच खाली ठेवा. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापावे लागतात. पाय दोरानं वर बांधून किंवा जनावर पाडून हे काम उरकण्याची जुनी पद्धत आहे. त्यातून शिंगरू पाय देणं शिकत नाही, माणसाला भिणं शिकतं.

फेब्रुवारीपासून कावा, म्हणजे लांब दोरावर आपल्याभोवती गोल फिरवणं. कडं पंधरा ते अठरा मीटर व्यासाचं, जमीन मऊ पण खोल वाळूची नव्हे, आणि दोर आठ-नऊ मीटरचा. हातमोजे घाला. दोर म्होरकीच्या नाकावरच्या कडीत अडकवा, लगामात कधीच नाही. कोवळ्या तोंडावर बाहेरून येणारा प्रत्येक हिसका लगामाची पुढची सगळी शिकवण नासवतो. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं, चाल आणि हलकी दुडकी, बस्स. दमवण्यासाठी अर्धा तास लहान गोलात पळवणं हा या कामातला सर्वांत महाग मूर्खपणा आहे. लहान गोलात आतल्या बाजूच्या सांध्यांवर सगळा भार येतो, शिवाय रोज पळवल्यानं जनावर दमत नाही, त्याचा दम वाढतो. आपण उद्यासाठी आणखी ताकदीचा प्रतिस्पर्धी तयार करतो.

लगामाआधी डॉक्टरांकडून दाढा बघून घ्या. पहिल्या वरच्या दाढेपुढं काही घोड्यांना एक बारकासा जास्तीचा दात असतो. लगामाची सळई त्यावर आपटली की तो तोंड फिरवतो, झटकतो आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. दुधाचे दात हलत असतानाही हेच होतं, अशा वेळी पंधरा दिवस लगाम बाजूला ठेवा. सळई गुळगुळीत, मध्ये सांधा असलेली, चौदा ते सोळा मिलिमीटर जाड. आपल्याकडच्या मारवाडी-काठेवाडी तोंडाला लांबी बहुधा बारा-साडेबारा सेंटिमीटर. ओठाच्या कोपऱ्याला टेकून जेमतेम एक सुरकुती पडावी. पहिला आठवडा नुसता तोंडात, रोज दहा-पंधरा मिनिटं, वाद्या (लगामाचे हातात धरायचे पट्टे) न लावता. बाजारात अजूनही काटेरी लगाम मिळतात. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांना क्रौर्यापासून वाचवण्यासाठी केलेल्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार ते वापरायला बंदी आहे. पण कायदा राहू द्या, व्यवहाराचंच बोलू. फाटलेल्या जिभेचा घोडा दुखलं की थांबत नाही, दुखण्यापासून पळतो.

खोगिराची पायरीही अशीच तुटक तुटक. आधी नुसता नमदा (खोगिराखालची जाड गादी) पाठीवर ठेवायचा-काढायचा, मग नमद्यावर पट्टा, मग रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) काढलेलं खोगीर, मग दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या रिकिबींसह. तंग (पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा) एका दमात आवळू नका. एक भोक, दहा पावलं चाल, आणखी एक भोक, पुन्हा चाल. एकदम आवळलेल्या तंगानं शिंगरू पाठीची कमान करून उड्या घेतं, कधी आडवंही पडतं, आणि ती भीती वर्षानुवर्षं जात नाही. खोगीर खांद्याच्या पात्याच्या मागं हवं आणि मानेच्या टोकाला पाठीच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी जागा राहिली पाहिजे.

मेच्या उन्हात काम पहाटेच, आणि पावसाळ्यात चिखलात जवळजवळ काहीच नाही. घसरलेला पाय महिने खातो. या काळात कोरड्या वेळी दोन लांब दोऱ्यांनी मागून चालवा: एक एक दोरी लगामाच्या कडीपासून खोगिराच्या बाजूच्या कडीतून तुमच्या हातात. माणूस निदान दहा-बारा फूट मागं आणि किंचित बाजूला. 'चल', 'थांब', डावीकडे, उजवीकडे हे सगळं शिंगराला जमिनीवरूनच यायला हवं. ज्याला खालून थांबवता येत नाही तो पाठीवरून थांबेल, ही आशा कशाच्या जोरावर?

इथंच सुटकेची कळही शिकवा. लगामाची एकच वादी हळूहळू आखूड करत बाजूला न्या, नाक खांद्याकडे वळू द्या, पाय थांबले की लगेच ढिली सोडा. दोन्ही बाजूंना रोज चार-चार वेळा. वर बसल्यावर घोडा बिथरू लागला की हीच सवय वाचवते. मात्र भरधाव सुटलेल्या घोड्याला असा एकदम वळवलात तर तो तुमच्यासकट कोसळेल. तेव्हा मोठा गोल घेऊन तो लहान करत आणायचा.

आता वजन. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करून खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा, ११,८८० नं भागा. किलोत वजन येतं, अंदाजे. घेर १६५, लांबी १५३ असेल तर साधारण ३५० किलो. पक्क्या घोड्यावर खोगिरासकट वीस टक्के म्हणजे ७० किलो ही वरची मर्यादा धरतात, कोवळ्यावर आम्ही पंधराच्या वर जात नाही. हे ५२ किलो होतात, म्हणजे स्वार हलका लागतो. हलका म्हणून पोराला मात्र बसवू नका. पहिल्या दिवशी वर बसणाऱ्याची मांड घट्ट आणि हात मऊ लागतात, आणि त्याला पडायचं कसं हेही माहीत असावं लागतं.

दसरा उलटला, जमीन वाळली. बसायच्या दिवशी तेच ओळखीचं कडं, आधी दहा मिनिटं कावा, आणि तीन माणसं: एक तोंडाशी, एक पाय द्यायला, एक स्वार. हनुवटीचा पट्टा आवळलेलं हेल्मेट हवं. फेटा डोकं वाचवत नाही. बुटाला इंचभर टाच हवी आणि रिकीब बुटापेक्षा इंचभर रुंद. चप्पल किंवा खेळाचे बूट रिकिबीत आरपार जातात, मग पडलेला स्वार फरफटतो. घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधा, तोल गेला तर तो धरायचा, लगाम नव्हे. पहिल्यांदा नुसतं पोटावर आडवं पडायचं, दोन्ही बाजूंनी, पाच-सहा वेळा, काही झालं तर सरळ खाली घसरता येईल असं. तीन-चार दिवस एवढंच. मग पाय पलीकडे, पुठ्ठ्याला न लागता, आणि खोगिरावर आदळायचं नाही, टेकायचं. तोंडाशी असलेल्यानं दहा पावलं चालवलं की उतरायचं.

कान मागेपुढे फिरतायत, तोंड चघळतंय, श्वास चालू आहे, तर ठीक. शेपटी चिकटली, ओठ आवळले आणि जनावर अचानक दगडासारखं स्तब्ध झालं तर 'किती शांत आहे' म्हणू नका. तो श्वास रोखलेला असतो. तिथंच थांबा, उतरा, मागच्या पायरीवर जा. उड्या मारू लागला तर त्याचं डोकं खाली जाऊ न देता पुढं चालतं ठेवा. दोन पायांवर उभा राहिला तर आयाळ धरून पुढं वाका आणि लगाम सोडा. घाबरून लगामाला लोंबकळलात, तर घोडा तुमच्यावर उलटा पडेल.

पहिला आठवडा दिवसाला पाच ते दहा मिनिटं, महिन्याच्या शेवटी वीस, आठवड्यातून चार दिवस. चाल आणि सरळ रेषेतली दुडकी. रहवाळ (झुलती जलद चाल) नंतर, दौड चौथ्या वर्षानंतर, आणि मागच्या पायांवर नाचवणं आमच्याकडून कधीच नाही. दर सकाळी चारही नळ्यांवरून हात फिरवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला किंवा पुढच्या नळीवर दाबल्यावर त्यानं पाय काढून घेतला, तर पंधरा दिवस सुट्टी आणि डॉक्टर. डांबरी रस्त्यावर पळवलेल्या कोवळ्या घोड्यांना हे हमखास होतं. काम संपल्यावर जबड्याखालची नाडी मोजा: विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असते, आणि एवढ्या हलक्या कामानंतर दहा मिनिटांत साठच्या खाली आली पाहिजे. येत नसेल तर उद्याची वीस मिनिटं दहा करा.