तुम्ही विचारलेत म्हणून : सेन्सर नवा, तरी दिवा तोच

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत गाडी पुसता पुसता मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा : "काका, गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला, चार दिवस बरे गेले आणि इंजिनाचा पिवळा दिवा पुन्हा लागला. आता काय करायचे?" मी मेकॅनिक नव्हे. भोसरीतल्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षे मी दाबमापके आणि तापमापके तपासण्याचे काम केले. तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण माझ्या २०१४ सालच्या पेट्रोल गाडीने याच दिव्यापायी मला दोन महिने झुलवले, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दिवा लुकलुकत असेल, तर पुढचे काही वाचू नका. इंजिन मिसफायर होत असल्याची, म्हणजे आत पेट्रोल नीट पेट घेत नसल्याची ती खूण असते, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तो भाजून निघतो आणि त्याची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते. तेव्हा गाडी बाजूला घेणे उत्तम. दिवा स्थिर असेल, तर विचार करायला सवड आहे.

माझा पहिला उलट प्रश्न असतो : कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा क्रमांक, तोच आला आहे की दुसरा? बहुतेकांना हे माहीत नसते, कारण गॅरेजमध्ये कोड वाचला जातो, पण तो गिऱ्हाइकाला कुणी लिहून देत नाही. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते आणि हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारे ब्लूटूथ डोंगल त्यात खोचले, की फोनवर कोडच काय, सेन्सरचे चालू आकडेही दिसतात. पी०१३५ हा कोड सेन्सरच्या आतल्या हीटरच्या विद्युतमार्गाचा आहे. तिथे फ्यूज उडालेला असेल किंवा पार्किंगमधल्या उंदरांनी वायर कुरतडली असेल, तर नवा सेन्सरही थंडच राहणार. पी०४२० आला, तर तक्रार मुळात कन्व्हर्टरच्या कामाबद्दल असते. माझ्या गाडीचा कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन : हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

गॅरेजवाल्याने या कोडवर सेन्सर बदलला आणि मीही नाना पेठेतून तो मुकाट्याने आणून दिला, याची मला आजही लाज वाटते. कारखान्यात एखाद्या भट्टीचे तापमान जास्त दिसले, तर मापक काढून फेकण्याआधी दुसरे मापक लावून पाहा, हे मी शिकाऊ पोरांना रोज सांगत असे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसे झाले. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोलमधले काहीच कळत नाही. धुरातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांच्यातल्या फरकावर त्यात व्होल्टेज तयार होते. साध्या झिर्कोनिया सेन्सरमध्ये ते साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान वरखाली होत राहते. धुरात ऑक्सिजन उरलेला दिसला, की इंजिनाचा संगणक समजतो पेट्रोल कमी पडले, आणि तो पेट्रोल वाढवतो. ही वाढ किंवा कपात टक्केवारीत नोंदली जाते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. कोडपेक्षा हा आकडा मला अधिक बोलका वाटतो.

सेन्सर बदलल्यावर मिळणारे चार दिवसांचे सुखही इथूनच येते. गॅरेजमध्ये कोड पुसताना बहुधा ही शिकलेली ट्रिमही शून्यावर येते. संगणकाला ती पुन्हा शिकावी लागते आणि दोष सहसा सलग दोन फेऱ्यांत (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक फेरी) दिसल्याशिवाय तो दिवा लावत नाही. बॅटरीची तार काढून ठेवली तरी एवढाच लाभ होतो, आणि तोही फुकट.

माझ्या गाडीची ट्रिम इंजिन नुसते चालू असताना अधिक २१ टक्के होती आणि २,५०० आरपीएमवर ती अधिक ६ पर्यंत उतरत असे. मुंबईला जाऊन आलो तरी दिवा न लागता तो दांडेकर पुलाच्या सिग्नलवरच का लागतो, याचा उलगडा त्या दिवशी झाला. दोष कमी प्रवाहात मोठा आणि जास्त प्रवाहात लहान दिसत होता, म्हणजे कुठून तरी थोडी, ठरावीक हवा आत शिरत होती. ती इंजिनाच्या आधी शिरते की नंतर, एवढेच ठरवायचे राहिले. आधी शिरत असती, म्हणजे इनटेकची (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाची) एखादी रबरी नळी फाटलेली असती, तर मिश्रण खरोखरच पेट्रोलला कमी असते. इथे तर सायलेन्सरच्या तोंडाशी बोट काळे होत होते, प्लग काजळलेले होते आणि लिटरमागे १६ किलोमीटर देणारी गाडी १३ वर आली होती. सेन्सर म्हणत होता पेट्रोल कमी, काजळी म्हणत होती जास्त, आणि दोघेही आपापल्या जागी खरे होते : हवा इंजिनानंतर धुरात शिरत होती आणि संगणक तिला फसून पेट्रोल वाढवत होता.

मग आठवले, की हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू करताच एक बारीक टिकटिक येई आणि गेटपर्यंत पोहोचेतो थांबे. टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळचा आवाज म्हणून मी ती सोडून दिली होती. प्रत्यक्षात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून, म्हणजे सांध्यात बसवलेल्या चकतीतून, धूर निसटत होता; धातू तापून फुगला, की फट आवळली जाई आणि आवाज बंद होई, पण फट पूर्ण बुजत नसे. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो आणि दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी दाब उतरतो, तेव्हा त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुढे बसलेल्या सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो. वरचे पत्र्याचे कवच काढल्यावर गॅस्केटच्या कडेला काजळीचा पट्टा स्पष्ट दिसला.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक पुस्ती जोडतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. निव्वळ पेट्रोलला वजनाने एका भागास १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५ पुरते, म्हणून ट्रिम एरवीही काही टक्के वर चढलेली असते. दिवा त्यामुळे सहसा लागत नाही, पण आधीच एखादी बारीक गळती असेल, तर ती झाकून नेण्याइतकी सवड संगणकाकडे उरत नाही.

गॅस्केट काही शे रुपयांत आले आणि दोन सैल नटही बदलले. कोड मी मुद्दाम पुसू दिला नाही. खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो, तोवर ट्रिम अधिक ४ वर आली होती, पण दिवा जळतच होता. सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्याशिवाय संगणक तो स्वतःहून विझवत नाही. चौथ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, तेव्हा दिवा विझलेला होता. त्याच आठवड्यात मी खोक्यात जपून ठेवलेला जुना सेन्सर परत बसवून पाहिला. आकडे तेच आले. आता गाडीत जुनाच आहे आणि नवा खोक्यात.