लांबच्या रॅकमधला बॅकअप स्विच एसएनएमपीने सांभाळताना: माझा अनुभव

बॅकअप स्विचची अडचण अशी की तो मेला तरी कोणाची तक्रार येत नाही. मुख्य स्विच बंद पडला की पाच मिनिटांत फोन वाजतो. बॅकअप मात्र सहा महिने मरून पडलेला असला तरी त्याचा दिवा बघायला कोणी रॅक उघडत नाही. रत्नागिरीतल्या एका कार्यालयाचा रॅक मी पुण्यातून सांभाळतो. त्यासाठी एसएनएमपी (नेटवर्कच्या यंत्रांना दुरून त्यांची स्थिती विचारायचा प्रोटोकॉल) कसं बसवलं आणि कुठे कुठे अडलं, ते लिहितो.

मांडणी साधी आहे. ९यू चा भिंतीवरचा रॅक, त्यात २४ पोर्टचे दोन मॅनेज्ड स्विच. मजल्यांवर तीन ॲक्सेस स्विच (लोकांचे संगणक ज्यांना जोडतात ते), प्रत्येकाच्या २३ नंबरच्या पोर्टातून वायर मुख्यकडे आणि २४ मधून बॅकअपकडे. मुख्य आणि बॅकअप आपसात जोडलेले. मुख्यला फायबरचा राउटर, बॅकअपला ४जीचा. यूपीएस दोघांचे वेगळे. (एकाच यूपीएसवर दोन्ही लावले असतील तर आधी ते निस्तरा, एसएनएमपी नंतर.) वायरींचा लूप होऊ नये म्हणून जादा वाट अडवून ठेवणाऱ्या रॅपिड स्पॅनिंग ट्रीमध्ये (सर्वात कमी प्रायॉरिटीचा स्विच रूट, म्हणजे मध्यवर्ती, ठरतो) मुख्यची प्रायॉरिटी ४०९६, बॅकअपची ८१९२, बाकीच्यांची मुळातली ३२७६८.

एसएनएमपीची आवृत्ती ३ सोडून बाकी दोन्ही बंद केल्या, कारण आवृत्ती १ आणि २सी मध्ये कम्युनिटीचा, म्हणजे पासवर्डसारखा, शब्द वायरीवरून उघडा जातो. यूजर ऑथ-प्रिव्ह पातळीचा (ओळख तपासणी आणि गुप्तता दोन्ही), तपासणीला एसएचए आणि गुप्ततेला एईएस, दोन्हींचे पासफ्रेज वेगळे आणि किमान ८ अक्षरांचे. व्ह्यूमध्ये, म्हणजे यूजरला काय दिसेल त्या यादीत, १.३.६.१.२.१ आणि १.३.६.१.६.३.१०.२.१ एवढ्याच फांद्या (स्विचमधल्या प्रत्येक माहितीला असा आकड्यांचा पत्ता असतो). सरसकट १.३.६.१ उघडलं की १.३.६.१.६.३ खालची यूजरांची टेबलंही वाचता येतात, आणि ती दाखवायचं काही कारण नाही. एसएनएमपीच्या विचारणा येतात त्या यूडीपी १६१ वर फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या (स्विचना सतत विचारणा करणाऱ्या संगणकाच्या) पत्त्यांना परवानगी.

पत्ते म्हणजे अनेकवचन. बॅकअपला विचारायची वाट मुख्यमधून जात असेल तर मुख्य पडल्यावर बॅकअपही गेला असंच दिसेल. म्हणून सर्व्हरला दुसरा पत्ता दिला, त्या पत्त्यावरून निघालेली विचारणा ४जीच्या व्हीपीएनमधून जाते. एवढ्यावर भागत नाही: उत्तर डिफॉल्ट गेटवेने, म्हणजे फायबरकडून परत यायला बघतं आणि मधला फायरवॉल ते टाकून देतो. बॅकअपवर त्या दुसऱ्या पत्त्यापुरता स्टॅटिक रूट (हाताने ठरवलेली वाट) ४जी राउटरकडे टाकावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ इंजिन आयडीने, म्हणजे एसएनएमपीत स्विचची ओळख सांगणाऱ्या क्रमांकाने, खाल्ला. बॅकअप बसवताना आपण सगळे काय करतो? मुख्यची कॉन्फिग फाइल उचलतो, नाव आणि आयपी बदलतो, ओततो. त्या फाइलमध्ये इंजिन आयडीची ओळ असेल तर दोन्ही स्विचचा आयडी एकच होतो. लक्षण मोठं फसवं आहे. कमांड लाइनवरून हाताने एसएनएमपीगेट ही एका विचारणेची कमांड मारली की दोन्ही स्विच उत्तर देतात, पण सतत चालणारं मॉनिटरिंग बॅकअपला लाल दाखवतं आणि लॉगमध्ये ‘नॉट इन टाइम विंडो’ येतं.

कारण असं. आवृत्ती ३ मध्ये प्रत्येक स्विच दोन आकडे बाळगतो: आजवर किती वेळा बूट झाला आणि त्या बूटनंतर किती सेकंद झाले. सर्व्हर हे आकडे इंजिन आयडीच्या नावे लिहून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक विचारणेत पाठवतो. बूटचा आकडा चुकला किंवा सेकंदांत १५० पेक्षा जास्त फरक पडला की स्विच विचारणा नाकारतो. आता मुख्यचे बूट ४१ आणि बॅकअपचे ७ धरा, आयडी एकच. सर्व्हरच्या वहीत त्या आयडीसमोर ४१ लिहिलंय. बॅकअप ‘माझे ७’ म्हणून कळवतो, पण नियमानुसार सर्व्हर आकडा फक्त वाढवतो, मागे येत नाही. त्यामुळे कमी बूटवाला कायम नाकारला जातो. हाताने मारलेली कमांड दर वेळी कोरी वही घेऊन सुरू होते, म्हणून ती चालते.

उपाय म्हणजे बॅकअपवरची इंजिन आयडीची ओळ काढून स्विचला स्वतःचा आयडी घेऊ देणं. पण ते केलं की यूजर मोडतात. पासफ्रेज आधी १०,४८,५७६ बाइट होईतो पुन्हापुन्हा लिहून त्याचा हॅश (ठरावीक लांबीचा ठसा) काढतात, मग त्यात इंजिन आयडी मिसळून किल्ली बनते. आयडी बदलला की जुनी किल्ली बाद आणि ‘राँग डायजेस्ट’ सुरू. म्हणून क्रम असा: आधी आयडी, मग यूजर पुसून नव्याने, पासफ्रेज हाताने टाइप करून. शेवटी दोन्ही स्विचचं १.३.६.१.६.३.१०.२.१.१.० वाचून आयडी वेगळे आहेत याची खात्री. जळालेल्या स्विचच्या जागी नवा बसवतानाही हाच क्रम, कारण अनेक स्विच कॉन्फिगच्या प्रतीत यूजरच्या ओळी दाखवतच नाहीत.

आता विचारायचं काय? पिंग पुरेसा नाही. बॅकअप ‘तयार उभा’ आहे याचा पुरावा बॅकअपवर शोधला तर सापडत नाही, कारण त्याचे सगळे पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (ट्रॅफिक पुढे सोडणाऱ्या स्थितीत) असतात. प्रायॉरिटी ८१९२ असल्यामुळे त्या वायरीवर बॅकअपचं टोक डेझिग्नेटेड, म्हणजे चालू ठेवायचं, ठरतं आणि अडवलेला पोर्ट ॲक्सेस स्विचवर, २४ नंबरला असतो. म्हणून तिन्ही ॲक्सेस स्विचना १.३.६.१.२.१.१७.२.१५.१.३ (पोर्टची स्पॅनिंग ट्रीतली स्थिती) विचारतो. २ म्हणजे ब्लॉकिंग, ५ म्हणजे फॉरवर्डिंग.

२३ वर ५ आणि २४ वर २, तर सगळं ठीक. २३ ची लिंक खाली आणि २४ वर ५, तर बॅकअप कामाला लागला आहे. खालच्या माणसांना यातलं काही जाणवत नाही, म्हणूनच हा अलार्म सर्वात मोठ्या आवाजाचा ठेवायचा: यापुढे बॅकअपला बॅकअप नाही. २४ ची लिंक खाली असेल तर बॅकअप किंवा त्याची वायर गेली. आणि दोन्हींवर ५ दिसलं तर ताबडतोब हातातलं काम टाकायचं. २४ ला बॅकअपकडून स्पॅनिंग ट्रीचे संदेश येणं थांबलं आहे; तो अर्धवट गोठला आहे किंवा कोणीतरी त्यावर स्पॅनिंग ट्री बंद केली आहे. दुसरं असेल तर लूप झालाच, ट्रॅफिक गोल गोल फिरत राहतं.

या टेबलातला २४ हा ब्रिज पोर्ट नंबर आहे, इंटरफेसचा इंडेक्स (स्विचने पोर्टला दिलेला अंतर्गत क्रमांक) नव्हे. दोन्हींची सांगड १.३.६.१.२.१.१७.१.४.१.२ मध्ये मिळते. शिवाय काही स्विचवर रीबूटनंतर इंटरफेस इंडेक्स बदलतो, म्हणून ग्राफ आणि अलार्म इंडेक्सवर न बांधता १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१ मधल्या नावावर बांधले.

रूट कोण, हे १.३.६.१.२.१.१७.२.५.० सांगतं. आठ बाइट येतात; पहिले दोन हेक्समध्ये १० ०० (म्हणजे ४०९६) असले तर मुख्य, २० ०० (८१९२) असले तर बॅकअप. व्हीलॅनवार (त्याच स्विचवरच्या प्रत्येक वेगळ्या नेटवर्कपुरती) स्पॅनिंग ट्री असेल तर त्यात व्हीलॅनचा नंबर मिळवलेला असतो.

ट्रॅपवर, म्हणजे स्विचने स्वतःहून पाठवलेल्या सूचनेवर, भिस्त ठेवू नका. मुख्यची फायबर लिंक पडल्याची बातमी त्याच पडलेल्या लिंकवरून निघते. ट्रॅप यूडीपी १६२ वर एकदाच जातो, पोचला का ते कोणी विचारत नाही. इन्फॉर्म ही तशीच सूचना, पण पोच मिळेपर्यंत काही वेळा पुन्हा जाते, म्हणून बॅकअपकडून इन्फॉर्म ठेवले. इन्फॉर्मला सर्व्हरचा इंजिन आयडी लागतो, ट्रॅपला पाठवणाऱ्याचा. इथेही बरेच जण अडकतात. खरा भरवसा दर ६० सेकंदांच्या विचारणेवर.

४जीवरून अख्खं टेबल चालताना अर्ध्यात टाइमआउट येत असेल आणि एकेरी विचारणा मात्र चालत असेल, तर गेटबल्कची (एका विचारणेत अनेक ओळी मागणाऱ्या कमांडची) रिपिटिशन, म्हणजे एका वेळी मागायच्या ओळी, ५० वरून १० वर आणा. मोठं उत्तर व्हीपीएनच्या १४०० बाइटच्या एमटीयूत (एका पॅकेटच्या कमाल आकारात) मावत नाही, तुकडे होतात आणि तुकडे वाटेत गळतात.

बॅकअपला कोणी हात लावत नाही, त्यामुळे तो एक विक्रम हमखास गाठतो: ४९७ दिवस. सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा ३२ बिटचा अपटाइम तिथे भरतो आणि शून्यावर येतो. मॉनिटरिंग ‘रीबूट झाला’ म्हणून ओरडतं. १.३.६.१.६.३.१०.२.१.२.० मधला बूटचा आकडा तोच असेल तर गप्प बसायचं.

महिन्यातून एकदा बदली प्रत्यक्ष करून बघतो. लिहिण्यासाठी वेगळा यूजर, त्याच्या व्ह्यूमध्ये फक्त १.३.६.१.२.१.२.२.१.७ (पोर्ट चालू-बंद करायची जागा) खालचा २३ नंबरचा एकच पोर्ट. वेळ सकाळी साडेनऊची, म्हणजे रॅकची किल्ली घेऊन शिपाई आलेला असतो. आधी २४ ची लिंक वर आहे ना आणि एलएलडीपीत (शेजारी कोण जोडलंय ते सांगणारा प्रोटोकॉल) पलीकडे बॅकअपचंच नाव दिसतंय ना, ते बघायचं. मग त्या ॲक्सेस स्विचवर, कॉन्फिग सेव्ह न करता, दहा मिनिटांनी रीबूट लावून ठेवायचा. आपणच आपली वाट कापली तर तो परत आणतो. मग २३ ला २ (बंद) पाठवायचा. २४ वर ५ आला, बॅकअपवरचं ट्रॅफिक वाढलं, की २३ ला पुन्हा १ (चालू) आणि लगेच तो लावलेला रीबूट रद्द. रद्द करायला विसरलात तर दहाव्या मिनिटाला अख्खा मजला बसतो.