काकांचं 'बरं'

बुधवार, रात्री उशिरा

सोमवारपासून एकच शब्द डोक्यात घोळतोय. 'बरं.'

मीटिंग चांगली झाली होती. म्हणजे मला तसं वाटलं होतं. आवक-जावकचं सगळं काम एक तारखेपासून कॉम्प्युटरवर. पत्र आलं की स्कॅन, तिथेच नंबर पडणार, तिथूनच ज्याच्या त्याच्याकडे जाणार. सगळं दोनदा दाखवलं. शेवटी ऑफिसातलं आवक-जावक रजिस्टर लिहिणाऱ्या काकांनी विचारलं, "मग रजिस्टर कुठं ठेवायचं?" मी पुढची स्लाइड शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याची आता गरज नाही, काका."

"बरं," ते म्हणाले. पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं. मी पुढच्या विषयाकडे वळले.

एवढंच झालं. कुणी वाद घातला नाही, कुणाचा आवाज चढला नाही. तरी तेव्हापासून मी त्या 'बरं'चा अर्थ लावत बसलेय. समजलं, या अर्थाचं बरं? तुम्ही म्हणाल तसं, या अर्थाचं? की आता काय बोलायचं, या अर्थाचं?

खरं तर वाईट मलाच वाटायला हवं. आठ महिने हे काम एकटी ओढतेय. सुट्टीचे किती दिवस यात गेले त्याचा हिशोब नाही. साहेब मीटिंगनंतर 'छान' म्हणाले आणि त्यापुढे आणखी एक वाक्य म्हणाले, ते इथे लिहीत नाही. घरी त्यावरून जे झालं तेही नको. निर्णय वर होतो आणि निस्तरायला मधल्या माणसाच्या गळ्यात पडतो. वरच्यांना उशीर दिसतो, खालच्यांना मी दिसते. कुणीतरी एकदा म्हणावं, दमलीस गं. तेवढंही कुणी म्हणत नाही.

काल झोप येईना म्हणून प्रशिक्षणातली जुनी वही काढली. संस्थेत बदल कसा घडवावा यावर लिहिणारे अमेरिकन प्राध्यापक जॉन कॉटर, त्यांच्या बदलाच्या 8 पायऱ्या सापडल्या, समोर माझ्याच अक्षरात 'महत्त्वाचं'. शंभराहून जास्त कंपन्यांचे प्रयत्न जवळून बघून त्यांनी 1995 मध्ये लेख लिहिला. बदल का फसतात, याचं त्यात दिलेलं एक कारण असं, की कुठे जायचंय ते नेते लोकांना सांगतच नाहीत, गरजेच्या दहा पटींनी कमी सांगतात. त्या ओळीखाली मी तेव्हा दोन रेघा मारल्या आहेत. म्हणूनच तर सांगत सुटले. तीन सादरीकरणं, दोन परिपत्रकं, ग्रुपवर रोज एक मेसेज. सांगण्यात मी कुठेही कमी पडले नाही.

मग ते 'बरं' आलं कुठून?

पुढच्या पानावर पायजम्यांच्या कारखान्याची हकीकत होती. तेव्हा फळ्यावरून नुसती उतरवून घेतली होती, काल पहिल्यांदा नीट वाचली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावचा हारवुड कारखाना. कोच आणि फ्रेंच या दोन संशोधकांनी 1948 मध्ये त्यावर लिहिलं. इस्त्री करणारे 18 कामगार. तयार कपडे सहा-सहाच्या चळतीने पुठ्ठ्यावर रचायचे. बदल काय केला, तर पुठ्ठ्याऐवजी त्याच मापाचं खोकं दिलं, तेही पुठ्ठ्याच्याच जागी. त्यांना बोलावून कारण सांगितलं, नगामागे मजुरीचा नवा दर समजावला, प्रश्नांना उत्तरं दिली आणि सभा संपवली.

माझी सोमवारची मीटिंग हुबेहूब हीच.

पहिल्या 40 दिवसांत त्यातले 17 टक्के काम सोडून गेले. उत्पादन खाली आलं ते सावरलंच नाही. त्याच कारखान्यात काही गटांमध्ये सगळ्यांनी मिळून काम कसं बदलायचं ते ठरवलं होतं. तिथून एकही जण गेला नाही, आणि उत्पादन आधीपेक्षा साधारण 14 टक्के वर गेलं. मला खरं लागलं ते त्याच्या पुढचं. अडीच महिन्यांनी त्या पहिल्या गटातल्या उरलेल्या 13 जणांना दुसऱ्या कामावर नेलं, या वेळी ठरवण्यात सामील करून घेतलं, आणि ते भराभर सावरले. तीच माणसं! मी मात्र आठ महिने मनात 'बदलाला तयार असणारे' आणि 'नसणारे' अशा याद्या करत होते. काका दुसऱ्या यादीत.

वहीत मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनही आहेत. त्यांचा त्या कारखान्याशी जवळचा संबंध होता. त्यांचं म्हणणं असं, की चालू घडी ढकलणाऱ्या आणि अडवणाऱ्या जोरांच्या तोलावर टिकून असते. नुसतं जास्त ढकललं तर ती हलते, पण ताणही वाढतो. अडवणारा जोर सैल केला तर कमी ताणात हलते. मी फक्त ढकलत होते. काकांना काय अडवतंय ते मी विचारलंच नव्हतं. वय, कॉम्प्युटरची भीती, असं स्वतःशीच ठरवून टाकलं होतं.

आज दुपारी त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "काका, रजिस्टर दाखवा ना." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि उघडलं.

निळ्या शाईतल्या सरळ ओळी. डाव्या समासात पेन्सिलची टिंबं. एक टिंब म्हणजे उत्तर द्यायचंय. दोन म्हणजे स्मरणपत्र येऊन गेलंय. टिंबाभोवती गोल म्हणजे साहेबांकडे अडकलंय. काम झालं की खोडरबरने पुसायचं. काही ओळींपाशी पुसून पुसून कागद इतका पातळ झालाय की मागच्या पानावरचा आकडा दिसतो. दर शनिवारी काका समासावरून बोट फिरवत खाली येतात आणि मग ज्याच्या त्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहतात. आमच्याकडे पत्र सहसा हरवत नाही, ते यामुळे. मला वाटायचं, पद्धतच चांगली आहे.

नव्या प्रोग्राममध्ये पत्राच्या दोनच अवस्था आहेत. 'प्राप्त' आणि 'निकाली'.

"सोमवारी का नाही बोललात?"

"तुम्ही म्हणालात ना, गरज नाही." रागाने नाही म्हणाले. विचारलं म्हणून सांगितलं.

आता लेखा विभागातल्या ताईंचं गेल्या महिन्यातलं 'बघू' आठवतंय. भांडारातल्या दोघांचं मान डोलावणं आठवतंय. एकेकाकडे जायला हवं. तारीख बदलणार नाही, ते माझ्या हातात नाही. आणि रजिस्टर जाणारच. मी पहिल्या दिवशी नीट विचारलं असतं तरी गेलंच असतं, आणि काकांना वाईट वाटलंच असतं. ते माझ्याच हातून होणार आहे. सोमवारी रात्री हे सहन होत नव्हतं. आज होतंय. निदान काय काढून घेतेय ते आता मला माहीत आहे.

प्रोग्राम करणाऱ्या मुलाला फोन केला. मधल्या अवस्था टाकता येतील म्हणाला, फक्त नावं द्या. नावं काकाच देतील, असं मी सांगितलं, आणि काकांनाही जाऊन तसं म्हटलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मॅडम, ते गोल साहेबांनाही दिसणार का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पेन्सिलचं टिंब फक्त काकांना कळायचं. ते साहेबांच्या दारात जाऊन उभे राहायचे, आणि कुणाचं काय अडकलंय ते चारचौघांत यायचं नाही. पडद्यावर ते सगळ्यांना दिसेल.

"बघून सांगते," म्हणाले. उद्या सकाळी आधी त्या मुलाला फोन, मग काकांकडे.